पुरस्कार : गणितातल्या स्त्रियांना कोणी पुढे केले?

महाविद्यालयाच्या वार्षिक पारितोषिक वितरणाचे सूत्रसंचालन मराठी विभागाने करायचे, अशी प्रथा बहुतेक ठिकाणी आहे. नावे शुद्ध उच्चारली जावीत आणि पाहुण्यांची ओळख जरा भारदस्त व्हावी, एवढीच त्यामागची अपेक्षा. पालघरमध्ये अध्यापन करताना हे काम प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाच्या निमित्ताने वक्तृत्व स्पर्धा होती आणि बोईसरहून येणारी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेली एक मुलगी ‘भारताचे थोर गणिती’ या विषयावर बोलली. भास्कराचार्य, रामानुजन, रँग्लर परांजपे असा क्रम घेत ती डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांपाशी आली, तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी शेवटी सहज विचारले, ‘‘एखाद्या स्त्री गणितीचे नाव सांगशील?’’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘लीलावती... आणि शकुंतलादेवी.’’

उत्तर चुकीचे म्हणून कोणी तिचे गुण कापले नाहीत, कारण आमच्यापैकी कोणालाही त्याहून बरे उत्तर तत्काळ देता आले नसते. मात्र ते उत्तर मनातून गेले नाही. लीलावती ही गणिताच्या ग्रंथाची नायिका म्हणावी अशी. तिने स्वतः गणित रचल्याचा पुरावा नाही. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत केला. पण तो आकडेमोडीचा चमत्कार. गणितातील संशोधन म्हणजे नव्या सिद्धतांचा शोध, ते वेगळे. एक दंतकथा आणि एक चमत्कार, यांच्या मधली जागा त्या मुलीच्या स्मरणात रिकामी होती. ती तशी का राहिली, याचा शोध घेण्यासाठी पुरस्कारांचा इतिहास ही एक सोयीची वाट आहे. कारण आपली सामूहिक स्मरणशक्ती पुष्कळदा पुरस्कारांच्या यादीवरच पोसलेली असते.

आधी शब्दांविषयी. मराठीत ‘पारितोषिक’ आणि ‘पुरस्कार’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांची घडण निराळी आहे. पारितोषिकाच्या मुळाशी परितोष आहे. कोणाचे तरी समाधान झाले, म्हणून त्याने दिलेली ती वस्तू. पुरस्कार मात्र ‘पुरस्’ आणि ‘कृ’ यांतून आलेला. पुढे करणे, पुढे ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. म्हणून तर एखाद्या मताचा ‘पुरस्कार करणे’ असे आपण म्हणतो आणि त्या मताची बाजू घेणाऱ्याला ‘पुरस्कर्ता’ म्हणतो. पारितोषिक काम झाल्यावर मिळते. पुरस्कारात पुढच्या वाटेची जबाबदारी अंतर्भूत असते. गणितातल्या स्त्रियांचा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे, असे म्हणावे लागेल.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच भूमीत होतो. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. त्यातील उदाहरणे कित्येकदा एका तरुण स्त्रीला संबोधून विचारलेली आहेत. ही लीलावती म्हणजे भास्कराचार्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, विवाह झाला नाही आणि पित्याने तिचे नाव ग्रंथाला देऊन तिला अमर केले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. ती प्रसृत झाली अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. याउलट चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८चा शिलालेख ही ठोस वस्तू आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असल्यामुळे आपण भाषेचे विद्यार्थी तो अभ्यासतो. पित्यापासून पुत्राकडे, पुत्रापासून नातवाकडे गेलेली विद्येची परंपरा दगडावर कोरली गेली. कन्येचे नाव कथेत राहिले. कथेतही तिला जे मिळते ते सांत्वन आहे. न झालेल्या लग्नाची भरपाई म्हणून नाव!

दुसरा टप्पा ‘रँग्लर’ या शब्दाचा. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ही संज्ञा होती आणि त्यांतील पहिला तो ‘सीनियर रँग्लर’. १८९९ साली दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्राला या घटनेचा इतका आनंद झाला, की इंग्रजीतली ती संज्ञा मराठीत पदवीसारखी नावाआधी जाऊन बसली.

या घटनेच्या नऊ वर्षे आधी, १८९० साली, त्याच परीक्षेत न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सर्व पुरुष विद्यार्थ्यांहून अधिक गुण मिळवले होते. परंतु स्त्रियांची गणना पुरुषांच्या क्रमवारीत होत नसे. त्यांची यादी वेगळी वाचली जाई. तेव्हा तिच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे शब्द उच्चारले गेले. त्या वर्षीचा सीनियर रँग्लर मात्र दुसराच ठरला. अव्वल येऊनही पद नाही, कारण त्या पदाला स्त्रीलिंगच नव्हते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ साली.

रँग्लर परांजपे यांच्या नावाने पुण्यात गणिताचे पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना स्वतंत्र गणिती कामासाठी मिळाले. कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुढे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले, पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. तरी संख्यांशी खेळणे त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते. विद्यार्थिदशेत मिळालेले एक छोटे पारितोषिक आणि म्हातारपणी मिळालेली जगन्मान्यता, यांच्यामधली जवळजवळ अर्धशतकाची वाट त्यांनी शाळामास्तरकी करत चालून काढली. आमच्या जिल्ह्याला त्यांचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे.

आता याच काळातली दुसरी व्यक्ती पाहा. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात, म्हणजे फिलिपा फॉसेटच्याच कॉलेजात, गणिताचा ट्रायपॉस केला, वर्ष १९२९. वडिलांनी जी परीक्षा देऊन महाराष्ट्राला एक शब्द दिला, तीच परीक्षा मुलीने दिली. आपण शकुंतलाबाईंना ओळखतो ते लेखिका म्हणून, ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील अभिनेत्री म्हणून, सई परांजपे यांच्या आई म्हणून आणि मुख्यतः संततिनियमनाच्या कार्यकर्त्या म्हणून. या कार्यासाठी १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गणित सोडून त्यांनी जे केले ते कमी मोलाचे होते, असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी निवडलेली वाट त्यांची होती. तरीही प्रश्न उरतो. त्या वेळी एखाद्या मराठी स्त्रीने गणितातच राहायचे ठरवले असते, तर तिला जायला जागा कोणती होती? डहाणूच्या मुलाला निदान देवळालीची शाळा आणि संध्याकाळचा निवांत वेळ होता.

हा प्रश्न अधिक बोचतो तो एका योगायोगामुळे. महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेच्या चळवळीत गणिताचे अध्यापक आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने आहेत. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांचे पुत्र रघुनाथराव विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची ती नोकरी गेली. रँग्लर परांजपे हे कर्व्यांच्या नात्यातले आणि स्त्रीशिक्षणाचे कैवारी. म्हणजे एकाच आप्तवर्तुळात गणितही होते आणि स्त्रीशिक्षणाची तळमळही होती. पण गणिताने स्त्रीशिक्षणाला माणसे दिली, स्त्रीशिक्षणाने गणिताला स्त्रिया द्यायला मात्र आणखी अर्धशतक लागले. आधी जगण्याचेच प्रश्न एवढे होते, की शुद्ध गणित ही चैन वाटावी. वैधव्य, बालविवाह, लादलेली बाळंतपणे यांतून सुटका झाल्याशिवाय समीकरणे कोण सोडवणार?

युरोपातही चित्र फारसे निराळे नव्हते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक १८१६ साली सोफी जर्मेन यांना कंप पावणाऱ्या पृष्ठभागांच्या सिद्धांतासाठी मिळाले. त्याआधी त्यांना एका पुरुषाच्या टोपणनावाने गणितज्ञांशी पत्रव्यवहार करावा लागला होता. १८८८ साली त्याच अकादमीचे बोर्दें पारितोषिक सोफिया कोवालेव्हस्काया यांना मिळाले. स्पर्धेच्या नियमानुसार निबंधावर लेखकाचे नाव नसे, केवळ एक बोधवाक्य असे. परीक्षकांना तो निबंध इतका आवडला, की रक्कम तीन हजार फ्रँकवरून पाच हजारांवर नेण्यात आली. नाव झाकलेले असताना गुणवत्ता दिसली, हा प्रसंग पुरस्कारांच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत प्रमुख व्याख्यान देणारी पहिली स्त्री एमी नोएथर, साल १९३२. दुसरी कॅरन उलेनबेक, साल १९९०. मध्ये अठ्ठावन्न वर्षे गेली.

भारतात, आणि तेही महाराष्ट्रात, स्त्रियांच्या गणित संशोधनाला जागा मिळाली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेली ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला, तोही त्याच विभागाचा. बोईसर-तारापूरच्या घराघरांत या विभागाचे नाव माहीत आहे. वडील वा काका तिथे कामाला, निदान कंत्राटावर तरी, ही आमच्या विद्यार्थ्यांची नेहमीची ओळख. मात्र ज्या खात्याच्या अणुभट्ट्यांचे घुमट आपल्याला किनाऱ्यावरून दिसतात, तेच खाते कुलाब्याला समुद्राकाठी शुद्ध गणिताचा विभागही पोसते आणि १९८३ पासून राष्ट्रीय उच्च गणित मंडळामार्फत देशभरच्या गणिताला पैसा पुरवते, हे तारापूरच्या मुलीला कोणी सांगितलेले नसते.

याच संस्थेत काम करून रमण परिमला यांनी १९७६ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यांचे आरंभीचे गाजलेले काम म्हणजे एक प्रतिउदाहरण. सेर यांच्या एका प्रसिद्ध प्रश्नाचे होकारार्थी उत्तर त्याच वर्षी सिद्ध झाले होते. द्विघाती रूपांच्या बाबतीतही तसेच घडेल अशी अपेक्षा होती. ते तसे घडत नाही, हे परिमलांनी दाखवून दिले. १९८७ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. गणितात हा पुरस्कार १९५९ पासून दिला जात होता. स्त्रीचे नाव यायला अठ्ठावीस वर्षे लागली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेल्या सुजाता रामदोराई यांना २००४ साली तो मिळाला. संख्या-सिद्धांतातील इवासावा सिद्धांत हे त्यांचे क्षेत्र. २००६ साली त्यांना विकसनशील देशांतील तरुण गणितज्ञांसाठीचा रामानुजन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या भारतीय. २०२३ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. तिसरे नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील नीना गुप्ता यांचे, साल २०१९. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा समान अवयव आपण शाळेत खोडतो. भूमितीय वस्तूंच्या बाबतीत असे नेहमी खोडता येईल का, हा झारिस्की यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. विशिष्ट प्रकारच्या संख्याक्षेत्रांवर असे खोडता येत नाही, हे नीना गुप्तांनी प्रतिउदाहरण देऊन सिद्ध केले. पुढे रामानुजन पुरस्कार (२०२१) आणि इन्फोसिस पुरस्कार (२०२४) त्यांना मिळाले.

गणितासाठीचा भटनागर पुरस्कार जुन्या स्वरूपात दिला जात होता तोपर्यंतच्या काळात स्त्रिया या तीनच. तिघींपैकी दोघी मुंबईत घडल्या. पैकी एक दुसरीची गुरू. इथे ‘पुरस्कार’ या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांसमोर येतो. एक स्त्री पुढे केली गेली आणि तिने दुसरीला पुढे केले. दुसरी गोष्ट अशी, की परिमलांची पीएच.डी. ज्या मुंबई विद्यापीठाची, त्याच विद्यापीठाचे नाव पालघरच्या मुलीच्या पदवीपत्रावर असते. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे तर चर्चगेटपर्यंत सुमारे नव्वद.

तिघींपैकी एकीचीही मातृभाषा मराठी नाही, हे सांगण्यामागे प्रांतीय खंत नाही. एका मराठी नावाकडे वळायचे आहे, ते मंगला नारळीकर यांचे. जन्म १९४३ चा. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. परीक्षेत गणितात पहिल्या येऊन त्यांनी कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले आणि टाटा संस्थेत संशोधनाला आरंभ केला. पुढे विवाह, केंब्रिजचे वास्तव्य, तिथे काही काळ अध्यापन, मुली, घर, सासू-सासऱ्यांचे करणे. भारतात परतल्यावर संशोधन पुन्हा हाती घेऊन १९८१ साली त्यांनी संख्या-सिद्धांतात पीएच.डी. मिळवली. सुवर्णपदक आणि पीएच.डी. यांमध्ये सतरा वर्षे गेली होती. तेव्हा त्या साधारण अडतीस वर्षांच्या होत्या. परिमलांना भटनागर पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. ही तुलना दोघींच्या गुणवत्तेची नव्हे. ज्या वयात एकीला शिखर गाठल्याचा सन्मान मिळतो, त्याच वयात दुसरी पायथ्याची परवानगी मिळवत असते. आणि घड्याळ मात्र दोघींना एकच लावले जाते, एवढेच दाखवायचे आहे.

हे घड्याळ म्हणजे वयाची अट. भटनागर पुरस्काराला पंचेचाळीस वर्षांची मर्यादा होती. २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांमध्ये जो ‘विज्ञान युवा’ पुरस्कार भटनागरांच्या नावाने दिला जाऊ लागला, त्यालाही तीच आहे. फील्ड्स पदकाला चाळीस, रामानुजन पुरस्काराला पंचेचाळीस. तरुणांना उत्तेजन द्यावे हा हेतू चांगलाच आहे. पण वाटेत दहा-पंधरा वर्षे घराला देणाऱ्या व्यक्तीला ही अट आपोआप बाहेर ठेवते, आणि आपल्या समाजात ती व्यक्ती बहुधा स्त्री असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा एका उदाहरणाने पटेल. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार १९६८ साली ‘युगान्त’साठी इरावती कर्वे यांना, १९७१ साली ‘पैस’साठी दुर्गा भागवत यांना आणि १९७२ साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’साठी गोदावरी परुळेकर यांना मिळाला. यातले शेवटचे पुस्तक तर आमच्याच डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या लढ्याचे. पाच वर्षांत तीन स्त्रिया, आणि तिघींचीही साठी उलटलेली होती. साहित्य अकादमीने पंचेचाळीस वर्षांची अट घातली असती, तर यांतले एकही नाव त्या यादीत आले नसते. गणितात असे सन्मान मुळीच नाहीत असे नाही. आबेल पुरस्काराला वयाची अट नाही, आणि तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री कॅरन उलेनबेक यांना २०१९ साली तो मिळाला तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. ‘गणित हा तरुणांचा खेळ’ हे वचन आपण इतक्या सहज उच्चारतो, की ते निरीक्षण आहे की नियम, हे तपासायचे राहूनच जाते.

यावर एक उपाय म्हणून केवळ स्त्रियांसाठीचे पुरस्कार निघाले. अमेरिकेत १९७१ साली स्त्री गणितज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९८० पासून नोएथर व्याख्यान सुरू झाले; २०१३ साली ते रमण परिमलांनी दिले. जोन बर्मन यांनी आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ भगिनीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या देणगीतून सॅटर पुरस्कार १९९१ पासून दिला जाऊ लागला. यावरचा आक्षेप आपल्या परिचयाचा आहे. स्त्रियांचे बीजगणित वेगळे असते काय? ‘स्त्रीसाहित्य’ ही चूल वेगळी मांडावी का, यावर आपल्याकडे जो वाद झाला, त्याचेच हे भावंड. वेगळी चूल मांडली की मुख्य पंगतीत पान वाढायचे कारण उरत नाही, ही भीती खोटी नाही. तथापि घडलेले वास्तव पाहिले तर वेगळेच दिसते. २०२२ पर्यंत फील्ड्स पदक मिळवणाऱ्या स्त्रिया दोन, २०१४ साली मरियम मिर्झाखानी आणि २०२२ साली मरिना व्याझोव्हस्का. या दोघींनाही त्याआधी, अनुक्रमे २०१३ आणि २०१९ साली, सॅटर पुरस्कार मिळालेला होता. वेगळ्या चुलीवरून उठून त्या मुख्य पंगतीत गेल्या. पदक त्यांना सॅटर पुरस्कारामुळे मिळाले असे सिद्ध होत नाही. पण स्त्रियांच्या पुरस्काराने त्यांना बाजूला बसवले नाही, एवढे निश्चित.

नुसते नाव देऊन मात्र काही साधत नाही. २०१० साली हैदराबादला आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली. परिमला तिथे प्रमुख व्याख्यात्यांत होत्या आणि परिषदेच्या आधी स्त्री गणितज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही तिथेच झाली. गणिताच्या लोकप्रसारासाठीचा ‘लीलावती पुरस्कार’ त्याच वर्षी सुरू झाला. २०२२ पर्यंत तो चौघांना मिळाला, आणि चौघेही पुरुष आहेत. त्यांच्या योग्यतेविषयी शंका नाही. पण आठशे वर्षांनंतरही लीलावतीच्या वाट्याला शीर्षकच यावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

लोकप्रसाराचा विषय निघाला की पुन्हा मंगलाताईंकडे यावे लागते. ‘गणितगप्पा’, ‘गणिताच्या सोप्या वाटा’ अशी पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली, आणि संशोधनासाठी वेळ काढावा तसा वेळ काढून आसपासच्या मुलांना गणित शिकवले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष या नात्याने टीका त्यांच्यावर कोसळली. मराठीच्या आम्हा अध्यापकांपैकी पुष्कळांनी भाषेवर घाला आला म्हणून तेव्हा हिरिरीने बोलून घेतले. प्रस्तुत लेखिकाही त्यात होती. त्यांचे म्हणणे साधे होते. लिहिताना आधी दोन आणि मग एक, बोलताना आधी एक आणि मग वीस. या उलटसुलट क्रमात आणि जोडाक्षरांत लहान मूल अडखळते आणि गणिताची भीती तिथेच बसते. ‘एकवीस’ या शब्दाचे सौंदर्य आणि इतिहास आजही मला प्रिय आहे. परंतु वारली किंवा मांगेली बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला त्रेसष्ट, एकोणऐंशी हे शब्द कसे ऐकू येत असतील, याचा विचार आम्ही टीका करण्यापूर्वी केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. संशोधनाचे मोठे पुरस्कार त्यांच्या नावावर नाहीत. मराठी मुलांना गणिताकडे ज्यांनी ‘पुढे केले’, त्यांत मात्र त्यांचे नाव वरचे आहे.

आता त्या मुलीविषयी. त्या वर्षी ती गणितात पहिली आली. तिचे नाव मीच पुकारले. शाल नव्हती, स्मृतिचिन्ह होते, टाळ्या होत्या. काही महिन्यांनी ती बोईसर स्थानकावर भेटली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात बिलांच्या कामाला लागली होती. एम.एस्सी.चे विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘रोज मुंबईला जाऊन-येऊन घरचे नको म्हणाले, मॅडम. आणि पुढे करून काय होतं, ते त्यांना सांगायला कोणी नव्हतं.’’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार माझीच माझ्याशी आहे. आम्ही तिला पारितोषिक दिले, तिचा पुरस्कार केला नाही. तिच्या घरी जाऊन शिष्यवृत्ती, वसतिगृह, कुलाब्याची ती संस्था, परिमला आणि त्यांची विद्यार्थिनी यांविषयी दोन शब्द बोलणे अशक्य नव्हते. मला ती नावे तेव्हा ठाऊक नव्हती, एवढीच सबब देता येईल.

मराठीच्या वर्गात गणितज्ञ स्त्रियांचे काय काम, असे कोणी विचारील. वैचारिक गद्याच्या तासाला ‘गणितगप्पा’तले एखादे प्रकरण वाचता येते. चरित्र-आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत शकुंतला परांजपे यांच्याविषयी बोलताना १९२९ सालचा ट्रायपॉस सांगता येतो. वक्तृत्वाच्या विषयांची यादी तर आम्हीच करतो. गेली दोन वर्षे त्या यादीत हा विषय ठेवला आहे. यंदा सफाळ्याच्या एका मुलीने कापरेकरांच्या शेजारी नीना गुप्तांना आणून उभे केले आणि ‘खोडता न येणे’ म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवले. पहिला क्रमांक तिला मिळाला नाही, तिसरा मिळाला. निकालानंतर तिच्या आईवडिलांना भेटायची वेळ मात्र या खेपेस मी ठरवून घेतली आहे.